प्रत्येक पट्टीमागे एक फट असते: सुतारकामाच्या कोटेशनमधले शब्द

घरात सुतारकाम काढले की दोन-तीन पानी कोटेशन हातात पडते. ‘सागवानी चौकट, डबल रिबेट. आर्किट्रेव्ह ओगी घाटाची, रनिंग फुटाप्रमाणे. काचेला बिडिंग. प्लायला सागवानी लिपिंग.’ बहुतेक जण शेवटचा आकडा पाहतात, घासाघीस करून तो थोडा खाली आणतात आणि होकार देतात. कामाचा दर्जा मात्र त्या आकड्याच्या आधीच्या शब्दांवर ठरलेला असतो. कोणती पट्टी कुठे बसते आणि कशासाठी बसते हे कळले, की कुठे काटकसर चालेल आणि कुठे अजिबात चालणार नाही हे आपले आपल्याला ठरवता येते.

हे शब्द पाठ करत बसायची गरज नाही. जवळजवळ सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: लाकूड कापून, रंधून, पॉलिश करून घरात बसवले तरी ते हलायचे थांबत नाही.

लाकूड आडवे हलते

ओल्या लाकडातले पाणी कमी होत होत साधारण ३० टक्क्यांवर आले की त्यापुढे लाकूड आक्रसू लागते. पुढे हवेतला दमटपणा वाढला की ते पुन्हा फुगते. हे आक्रसणे सगळीकडे सारखे नसते. लांबीत ते इतके कमी असते की धरायची गरज नाही. जे काही होते ते रुंदीत. सागवान अगदी ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आक्रसते आणि गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने सुमारे २.५ टक्के. इतर बहुतेक लाकडांपेक्षा हे कमी आहे. सागवानाला भाव येतो तो वाळवीला दाद न देण्यामुळे जितका, तितकाच या शांत स्वभावामुळे.

टक्क्यांनी काही कळत नाही, म्हणून सुताराच्या मापात पाहू. इंचाचे आठ भाग केले की एका भागाला सूत म्हणतात, म्हणजे जवळपास तीन मिलिमीटर. १२ इंच रुंदीची सागवानी फळी घ्या. उन्हाळ्यात तिच्यात ८ टक्के ओलावा आहे आणि भर पावसाळ्यात तो १४ वर गेला. फळी आडवी चिरलेली असेल, म्हणजे तिच्या टोकाकडून पाहिल्यावर वर्तुळांच्या रेषा रुंदीच्या दिशेने पसरलेल्या दिसत असतील, तर ती साधारण साडेतीन मिलिमीटर फुगेल. एका सुताहून थोडी जास्तच. त्याच रेषा टोकावर उभ्या दिसत असतील तर फुगणे निम्म्याहून कमी, अर्ध्या सुताच्या आसपास. वखारीत फळी निवडताना जाणती माणसे आधी तिचे टोक पाहतात ते यासाठी. वरची नक्षी सुंदर दिसते म्हणून आडव्या चिरीची फळी दारासाठी घेणे मला तरी पटत नाही.

आता ही हलणारी वस्तू न हलणाऱ्या वस्तूंच्या शेजारी बसवायची आहे: विटांची भिंत, गिलावा, फरशी, काच. दोघांच्या मध्ये फट पडणारच. ती कितीही लांबी (पुट्टी) भरून बुजवली तरी वर्षभरात पुन्हा उघडते. म्हणून सुतारकामाने फार पूर्वीच दुसरा मार्ग धरला: फट राहू द्यायची, लाकडाला त्या फटीत हलू द्यायचे आणि वरून एक पट्टी बसवायची. त्या पट्टीला घाट दिला की ती मोल्डिंग होते.

चौकट आणि तिच्या भोवतीची पट्टी

दाराची सुरुवात चौकटीपासून. दोन उभे, वर एक आडवा आणि पूर्वी खाली उंबरा. आता बहुतेक फ्लॅटमध्ये उंबरा मुख्य दारापुरता उरला आहे, आतल्या चौकटी तीनच बाजूंच्या असतात. चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांना होल्डफास्ट म्हणतात.

चौकटीच्या आतल्या कडेला दार टेकण्यासाठी जी पायरी काढलेली असते ती रिबेट. तिची रुंदी दाराच्या जाडीएवढी हवी. दार ३५ मिलिमीटरचे आणि रिबेट ३० ची असे झाले की दार चौकटीबाहेर डोकावते आणि बिजागरी कायम ओढाताण करत राहते. एका बाजूला दार आणि दुसऱ्या बाजूला जाळीचे किंवा सेफ्टी दार लावायचे असेल तर दोन्ही कडांना पायऱ्या लागतात, ती डबल रिबेट. तिच्यासाठी चौकटीचे लाकूड रुंद घ्यावे लागते, त्यामुळे ‘जाळीचे दार नंतर बघू’ म्हणून सिंगल रिबेट घेतली की नंतर चौकटीवर वेगळी पट्टी ठोकण्याशिवाय इलाज उरत नाही. अशी ठोकलेली पट्टी सरसकट वाईट नाही. आतल्या हलक्या दारांना ती पुरते. पण मुख्य दाराला रिबेट लाकडातच कोरलेली हवी, कारण धक्का बसतो तो नेमका त्या पायरीवर.

चौकट आणि गिलावा यांच्यातली फट झाकणारी पट्टी म्हणजे आर्किट्रेव्ह. काही मिस्त्री तिला सरळ कव्हर पट्टी म्हणतात. ती चौकटीच्या कडेशी एकदम जुळवून बसवू नये. पाच-सहा मिलिमीटर मागे सरकवून बसवली की चौकटीची एक बारीक रेघ दिसत राहते. या रेघेला रिव्हील म्हणतात. शोभेपेक्षा तिचा उपयोग मोठा आहे: दोन कडा एका पातळीत आणल्या तर पुढच्या ऋतूत अर्धा मिलिमीटर सरकलेलीही डोळ्यांना खुपते, मुळातच मागे ठेवल्या तर तेवढा फरक लक्षातही येत नाही.

आर्किट्रेव्हचे वरचे दोन कोपरे बहुधा ४५ अंशांत कापून जोडतात, तो मायटर. बसवताना केसभरही फट नसते आणि काही महिन्यांनी तिथेच काळी रेघ दिसू लागते. लोक मिस्त्रीला बोल लावतात. बोल लावण्याआधी कोपरा नीट पाहावा. फट आतल्या बाजूला, म्हणजे दाराकडच्या टोकाला रुंद आणि बाहेर बंद असेल, तर पट्टी बसवताना ओली होती आणि आता सुकून अरुंद झाली आहे. रुंदी कमी झाली, लांबी तेवढीच राहिली, त्यामुळे ४५ चा कोन ४५ राहिला नाही. उलट फट बाहेरच्या टोकाला उघडली असेल तर कोरडी पट्टी पावसाळ्यात फुगली आहे. आणि फट वरपासून खालपर्यंत एकसारखी असेल, तर मात्र कापण्यात किंवा बसवण्यात कसर राहिली आहे. पट्टी जितकी रुंद तितकी ही फट मोठी. म्हणून चार-पाच इंची आर्किट्रेव्ह हवीच असेल तर मायटरचा हट्ट सोडावा, वरची आडवी पट्टी दोन उभ्या पट्ट्यांवर सरळ टेकवावी किंवा कोपऱ्यात किंचित जाड चौकोनी ठोकळा घ्यावा. उघडझाप त्या ठोकळ्याच्या कडेत लपते.

पॅनेल दारात पॅनेल चिकटवायचे नसते

जुन्या वाड्यांतली जाड फळ्यांची दारे मागे आडव्या पट्ट्या ठोकून एकत्र धरलेली असत. पॅनेलचे दार वेगळ्या विचाराने बनते, आणि मला ते सुतारकामातले सर्वांत हुशार काम वाटते. बाहेर एक सांगाडा असतो. त्याच्या उभ्या पट्ट्यांना स्टाइल आणि आडव्यांना रेल म्हणतात: वरची रेल, कुलूप बसते ती मधली लॉक रेल आणि सर्वांत रुंद खालची. आडव्या पट्टीच्या टोकाला कुसू काढतात आणि उभ्या पट्टीतल्या खाचेत ते बसवतात. सांगाडा अरुंद पट्ट्यांचा असल्यामुळे फारसा फुगत नाही. रुंद भाग म्हणजे पॅनेल, आणि ते सांगाड्याच्या झिरीत, म्हणजे आतल्या कडेतल्या लांब खाचेत, नुसते सरकवलेले असते. ना डिंक, ना खिळा.

झिरीत दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. पावसाळ्यात पॅनेल त्या जागेत फुगते, उन्हाळ्यात मागे येते, दाराचे बाहेरचे माप फारसे बदलत नाही. पॅनेल पक्के व्हावे म्हणून कोणी झिरीत फेव्हिकॉल घातला, तर पहिल्या कोरड्या मोसमात पॅनेल मधोमध तडकण्याची पूर्ण शक्यता असते. लाकडाला आक्रसायचे असते आणि दोन्ही बाजूंनी त्याला धरून ठेवलेले असते. दुसरे काय होणार?

पॅनेलच्या कडा उतरत्या करून मधला भाग वर ठेवला तर ते रेज्ड पॅनेल. सांगाड्याच्या आतल्या कडेवरच घाट पाडलेला असेल तर त्याला स्टिकिंग म्हणतात. घाटाची पट्टी वेगळी करून बसवली तर तिला आपल्याकडे सगळेच बिडिंग म्हणतात. जी बिडिंग सांगाड्याच्या पातळीच्या वर उचलून सांधा पूर्ण झाकते ती बोलेक्शन. नाव कोणतेही असो, चुका, म्हणजे बारीक खिळे, मारताना त्या सांगाड्यात जायला हव्यात, पॅनेलमध्ये नाही. पॅनेलमध्ये मारल्या की बिडिंग पॅनेलबरोबर सरकते आणि ज्या फटीसाठी ती लावली तीच उघडी पडते. काम चालू असताना चुकेचा कल कोणीकडे आहे हे एक मिनिट उभे राहून बघता येते.

पॉलिशचेही असेच. दार जोडून झाल्यावर पॉलिश केले, की पहिल्या उन्हाळ्यात पॅनेल आत सरकते आणि कडेने कोऱ्या लाकडाची फिकट रेघ उघडी पडते. पॅनेलला झिरीत जाणाऱ्या कडेसकट एक हात आधी मारून घेतला तर ही रेघ कधी दिसत नाही.

घाट: दोनच वळणे

मोल्डिंगच्या कॅटलॉगमध्ये शेकडो नमुने असतात आणि पाहणारा गोंधळतो. खरे तर वळणे दोनच आहेत, बाहेर फुगलेले आणि आत गेलेले. बाकी सगळे यांच्या जोडण्या.

बाहेर फुगलेला पाव गोल म्हणजे ओव्हलो किंवा क्वार्टर राउंड. अर्धा गोल मोठा असेल तर टोरस, बारीक असेल तर अ‍ॅस्ट्रॅगल किंवा बीड. आत गेलेला पाव गोल म्हणजे कव्हेटो, आपल्या मिस्त्रींच्या तोंडी कोव्ह. एक आत आणि एक बाहेर अशी दोन्ही वळणे सलग घेतली की ओगी. ओगीचेही दोन प्रकार: वरचे वळण आत आणि खालचे बाहेर असले तर सायमा रेक्टा, उलट असले तर सायमा रिव्हर्सा. दोन वळणांच्या मध्ये जी सपाट बारीक पट्टी ठेवतात ती फिलेट. कड नुसती तिरपी उडवली तर चॅम्फर, पूर्ण गोल केली तर बुलनोज.

यातली बरीच नावे ग्रीक-रोमन दगडी इमारतींकडून आली. रोमन लोक वळणे वर्तुळाच्या भागांतून काढत, ग्रीकांची वळणे जास्त ताणलेली आणि हाताने काढल्यासारखी. पण हे गणित त्यांच्यापुरते नाही. आपल्या जुन्या देवळांच्या जोत्यावरचे थर पाहावेत. कुंभ म्हणजे फुगीर थर, कपोत म्हणजे बाहेर झुकलेला गोलसर थर, पद्म म्हणजे ओगीचेच वळण, आणि मध्ये सावली पाडणाऱ्या सपाट पट्ट्या. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिरापाशी सकाळच्या तिरप्या उन्हात उभे राहिले की थर कशासाठी असतात हे न सांगता कळते. तिथे दगड घडवलेला नसून उजेड आणि सावलीचे पट्टे एकावर एक रचलेले आहेत असे वाटते. लाकडात हेच काम पुण्यातल्या १८०७ सालच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागात दिसते, तिथल्या सुरूच्या झाडाच्या आकाराच्या खांबांवर आणि सज्जावर.

म्हणून घाट निवडताना दुकानाच्या ट्यूबलाइटखाली निवडू नये. तिथे उजेड समोरून आणि सगळीकडून येतो, ओगी आणि चॅम्फर सारखेच दिसतात. नमुन्याचा तुकडा घरी आणून, जिथे लागणार त्याच भिंतीवर खिडकीच्या उजेडात धरावा. छोट्या खोलीत बारीक फिलेटचा साधा घाट पुरतो. आठ-दहा वळणांची रुंद पट्टी दहा बाय दहाच्या खोलीत धूळ साठवण्यापलीकडे फार काही करत नाही.

भिंत, फरशी, छत

भिंतीच्या तळाशी स्कर्टिंग, खुर्चीच्या पाठीच्या उंचीवर चेअर रेल किंवा डाडो रेल, तिच्याखालचा भाग लाकडाने मढवला तर वेन्सकॉटिंग, भिंत आणि छत यांच्या कोपऱ्यात कॉर्निस किंवा क्राउन.

आपल्याकडे स्कर्टिंग सहसा फरशीचेच असते आणि त्याला चांगले कारण आहे. आपण रोज ओल्या फडक्याने फरशी पुसतो. लाकडी स्कर्टिंग हवेच असेल तर खालची कड आणि दोन्ही टोके बसवण्यापूर्वी पॉलिशने बंद करून घ्यावीत, कारण कापलेल्या टोकातून लाकूड सर्वांत जास्त पाणी पिते. एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे, स्कर्टिंग अशा घरात लावू नये हे माझे स्पष्ट मत आहे. एकदा कड फुगली की ती पुन्हा बसत नाही.

क्राउन आणि स्कर्टिंग यांच्या आतल्या कोपऱ्यांसाठी मायटरपेक्षा कोप चांगला. एक पट्टी कोपऱ्यापर्यंत सरळ नेऊन टेकवायची. दुसऱ्या पट्टीचे टोक पहिलीच्या घाटाप्रमाणे बारीक करवतीने कापायचे आणि तिच्यावर बसवायचे. हाताखालच्या गुण्यात (काटकोन तपासायच्या साधनात) ९० अंश असतात, भिंतींच्या कोपऱ्यात क्वचितच असतात. कोपचा सांधा ८८ किंवा ९२ अंशांतही मिटलेला राहतो, मायटर राहत नाही. वेळ जास्त लागतो, म्हणून कोपची मजुरी जास्त सांगितली तर ती द्यावी.

लाकडी छत किंवा भिंतीच्या फळ्यांना कोटेशनमध्ये टी अँड जी लिहिलेले असते, म्हणजे टंग अँड ग्रूव्ह. एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला झिरी. खिळा जिभेच्या मुळाशी तिरपा मारतात, पुढची फळी तो झाकते. सांध्यावर बारीक व्ही आकाराची खोबण असते, ती फळ्या सरकल्या तरी फट वेगळी दिसू नये म्हणून. वाड्यांच्या कडीपाटात फळ्या कड्यांवर टाकल्या जात, तिथेही प्रश्न हाच होता.

लिपिंग म्हणजे प्लायच्या उघड्या कडेवर चिकटवलेली खऱ्या लाकडाची पट्टी. कडेतून थर दिसू नयेत, पाणी शिरू नये आणि कड ठोकर खाल्ली तर तुटू नये म्हणून.

मापे आणि भाव

चौकटीचे लाकूड घनफुटात विकतात, तयार पट्ट्या रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीच्या मापात. घनफूट काढणे सोपे: रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचे. ५ बाय अडीच इंचाची, तीन बाजूंची चौकट ७ फूट उंच आणि ३ फूट रुंद दारासाठी घेतली, तर लांबी १७ फूट आणि लाकूड सुमारे दीड घनफूट. वखारीतले ५ बाय अडीच हे कच्चे माप असते. रंधा मारल्यावर प्रत्येक माप थोडे कमी होते. कोटेशनमधले माप कच्चे की तयार, हे लिहून घ्यावे. भांडणे इथेच होतात.

‘फिंगर जॉइंट’ लिहिले असेल तर लहान तुकडे बोटे गुंफल्यासारखे जोडून लांब पट्टी केलेली आहे. रंग देणार असाल तर ती उत्तम, सरळ राहते आणि स्वस्तही पडते. पॉलिश करणार असाल तर प्रत्येक सांधा दिसेल.

‘सीझन्ड’, म्हणजे सुकवलेले, एवढ्या एका शब्दावर समाधान मानू नये. ओलावा किती टक्के ते विचारावे. भारतीय मानक आयएस २८७ मध्ये देशाचे हवामानाप्रमाणे चार पट्टे करून कोणत्या पट्ट्यात लाकडात किती ओलावा चालेल ते दिले आहे, कारण रत्नागिरीत बसवायचे दार आणि नागपुरात बसवायचे दार एकाच ओलाव्याचे असून चालत नाही. दोन बारीक सुया टोचून ओलावा दाखवणारे मीटर आता बऱ्याच मिस्त्रींकडे असते. लाकूड उतरवून घेताना चार-पाच नगांवर ते टेकवून बघायला सांगावे, आणि काम सुरू होण्याआधी आठ-दहा दिवस ते लाकूड त्याच घरात, फळ्यांच्या मध्ये काड्या घालून, हवा खेळेल असे रचून ठेवावे. ओल्या गिलाव्याच्या खोलीत मात्र ठेवू नये, तिथे ते उलट ओलावा घेते.

यंत्रावर काढलेली पट्टी हातात आली की ती उजेडाकडे तिरपी धरून पाहावी. फिरत्या पात्याच्या बारीक आडव्या लाटा दिसतील. अगदी जवळजवळ आणि एकसारख्या असल्या तर घासल्यावर जातात. लांब आणि खडबडीत असल्या तर पाते बोथट होते किंवा पट्टी घाईने सरकवली होती. पॉलिश त्या लाटा लपवत नाही, उठून दाखवते. अशी पट्टी बसवण्याआधीच परत करावी.

शेवटची गोष्ट ऑर्डर देतानाची. मोजलेल्या लांबीवर दहा-पंधरा टक्के जास्त घ्यावे आणि सगळे एकाच खेपेत घ्यावे. खास घाट असेल तर त्याचे पाते त्या कामापुरतेच घासलेले असते, दुसऱ्या खेपेला तोच घाट तंतोतंत निघेल याचा भरवसा नसतो. काम संपल्यावर प्रत्येक पट्टीचा वीतभर तुकडा, मागे खोलीचे नाव आणि साल लिहून, माळ्यावर टाकून द्यावा. पुढे एखादी पट्टी बदलायची वेळ आली तर मिस्त्रीच्या हातात तो तुकडा दिला की पुरे.